बिल्ला नसलेली काठी

या, असे पुढे सरकून बसा. चपलांची काळजी नको, कोणी नेत नाही. पखवाज अजून सुराला लागायचा आहे, तोवर एका माणसाची गोष्ट सांगतो. माणूस आपल्यातलाच, सप्ताहात तुमच्या मागे खांबाला टेकून बसणारा. गोष्ट अकरा मिनिटांची. पण अकरा मिनिटांत माणूस कुठवर जाऊन येतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक, म्हणून जवळ या म्हटलं. ही ओरडून सांगायची नाही.

झुंबरच्या डाव्या डोळ्याखाली काठी बसली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. तसं फार काही नाही. मासवणचा पूल ओलांडून मनोरकडे निघालं की ते मोठं पार्क लागतं, त्याच्या फाटकात मे महिन्यातल्या रविवारची गर्दी तुंबली होती. एका मुलीनं आपलं सगळं घर फोटोत मावावं म्हणून सेल्फीची काठी लांब केली, आणखी लांब केली, आणि तशीच मागं वळली. काठीचं टोक झुंबरच्या गालाच्या हाडावर आदळलं. "सॉरी हं अंकल," ती म्हणाली, पण पडद्याकडे बघत. पडद्यात तोही आला होता, गाल धरून वाकलेला, आणि भोवती सगळे हसरे. तो फोटो तिनं पुसला नसेल. कशाला पुसेल? झुंबरला चालता चालता वाटून गेलं, इथं कामाला लागल्यापासूनच्या तीन वर्षांत आपण अशा किती जणांच्या फोनमध्ये जाऊन बसलो असू, अर्धे कापलेले, पाठमोरे, तोंड उघडं असलेले. आणि कोणी कधी मोठं करून बघितलं तर आपला चेहरा ओळखीचा वाटेल का, म्हणजे त्यात लिहिलेलं असेल ते वाचता येईल का. रक्त चिमूटभरच आलं. पण डोळ्यातून पाणी गळायला लागलं ते थांबेना. डाव्या अंगाला जे काही असेल, माणूस, खांब, निशाण, त्याला शेजारी एक फिकट जोडीदार दिसू लागला. बायकोनं, रत्नाबाईनं, डब्याला बांधून दिलेला रुमाल त्यानं नळाखाली भिजवला, डोळ्यावर दाबला, आणि तो आपल्या जहाजाकडे गेला.

जहाज म्हणजे झोकाच. लोखंडी, चाळीस माणसांचा, पुढच्या टोकाला सोनेरी घोड्याचं डोकं. पाळण्यासारखं मागंपुढं झुलत उभं व्हायचं, की वरची माणसं खालच्यांच्या डोक्यावर आल्यासारखी दिसायची आणि सगळे एका आवाजात किंचाळायचे. त्याच्या पोटाखाली खड्डा होता. खड्ड्यात ट्रकच्या टायराएवढं रबरी चाक. बटण दाबलं की ते उचललं जायचं, जहाजाच्या पोटाला घासायचं आणि त्याला ढकलायचं. बघणाऱ्याला जहाज दिसतं, चाक दिसत नाही. समुद्रकाठच्या नवापूरची एक बाई मागे आली होती, नवऱ्याची स्वतःची बोट असलेली. ती या कोरड्या जहाजात बसून असा आकांत करायला लागली की झुंबरला ते मधेच थांबवावं लागलं. "समुद्रात जाते ती, पाण्यात नाय भ्याली. न् पारकात भ्याली!" असं म्हणून बायडी नंतर दिवसभर पदर तोंडाला लावून हसत होती.

बायडी मासवणच्या वरच्या पाड्यावरची. चार महिने डोंगरउतारावरच्या आपल्या वरकस तुकड्यावर नागली-वरई करायची, उरलेले आठ इथे. तिचं काम काठ्या गोळा करायचं. जहाजात काठी न्यायची नाही असा बोर्ड होता, पण बोर्ड लोक फोटो काढायला वापरत. वर झुलताना काठी लांब केली की ती शेजाऱ्याच्या नाकात जायची, नाहीतर हातातून सुटून फोनसकट खड्ड्यात. म्हणून झुंबरनं स्वतःच्या हातानं एक फळी केली. चोवीस हूक, चोवीस आकडे, रंग उरलेला होता तो लाल. माणूस काठी देणार, बायडी ती हुकाला लावणार आणि त्या आकड्याचा पत्र्याचा बिल्ला त्याच्या हातात ठेवणार. उतरल्यावर बिल्ला दिला की काठी परत. फळी त्यानं बटणांच्या पेटीशेजारी, आपल्या डोळ्यांसमोर ठोकली होती. सगळे हूक रिकामे झाल्याशिवाय तो पुढची फेरी भरत नसे.

"हुकाला काई बी लटकलेलं असलं की समजायचं, माणूस आत हाय," त्यानं बायडीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मग राजा येऊ दे नाईतर परधान, मी बटनाला हात लावत नाई."

"न् माणूस नसला तं?"

"तरी बी."

"येडा हाय तू, दादा," ती म्हणाली होती. पण त्याच्याकडे जरा वेळ बघून तिनं मान हलवली होती, एखादं औषध कसं घ्यायचं ते ऐकून घ्यावं तशी.

तर त्या रविवारी एक वाजता, ऊन डोक्यावर असताना, फेरी उतरली. झुंबर डोळ्यावरचा ओला रुमाल पालटत होता. उतरायचं फाटक त्याच्या डाव्या हाताला, आणि डावीकडे सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. तिकडे काही गलका झाला, कोणी तरी हिंदीतून तावातावानं बोललं, मग ते विरलं. पलीकडे फवाऱ्यांच्या खोट्या पावसात लोक नाचतात, तिथला स्पीकर इतका धडधडत होता की शब्द पोचायच्या आत मोडत होते. काठ्या एकेक करून गेल्या. त्यानं रुमाल बाजूला केला तेव्हा जहाज रिकामं होतं, बायडी जागेवर नव्हती, आणि बाविसाव्या हुकाला एक काठी लटकत होती. काळी, बारीक, टोकाला रिकामा चिमटा. त्याला वाटलं, दोन आहेत. डावा डोळा मिटला. एकच होती. उजवा मिटला, तर ती फिकट झाली, पण गेली नाही. त्यानं बिल्ल्यांचा डबा ओतला आणि बोटानं एकेक सरकवला. चोवीस. पुन्हा सरकवला. चोवीसच. म्हणजे जेवढ्यांनी काठ्या दिल्या तेवढ्यांनी त्या नेल्या. ही काठी कोणी दिलेलीच नव्हती. आणि ती होती.

साखळीच्या मागं चाळीस माणसं उन्हात उभी. त्याचा हात पेटीवर गेला आणि तिथंच राहिला. हाताखालचा पत्रा तापला होता, आणि तो तापलेला पत्रा त्याला उचलून तारापूरच्या त्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथेही पत्रा असाच तापायचा. रंगाचा कारखाना. तिथला घाम घरी आल्यावरही पिवळाच यायचा. उशीला डाग, रत्नाबाईच्या कपाळाला डाग. पोरं म्हणायची आपले बाबा हळदीचे. पाथर्डीकडून तो आला तेव्हा अंगावर शर्ट होता तेवढाच, आणि त्या कारखान्यानं त्याला खोली दिली, लग्न दिलं, बोईसरच्या भजनी मंडळात वीणेचा मान दिला. वीणा गळ्यात घेतली की खाली ठेवायची नसते, दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच मोकळं व्हायचं असतं. झुंबर तीन-तीन तास उभा राहायचा. सतरा वर्षांपूर्वी त्यानं ती घ्यायचं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाला. लोकांनी मान्य केलं. गुडघ्याबद्दल कोण खोटं बोलतं? कारखान्यात मोठमोठे हंडे होते, आत पंखा फिरणारे. हंडा धुवायला माणूस आत उतरायचा तेव्हा बटणावर लाल पाटी लावायची, आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची. देवळातल्या सोवळ्यासारखा नियम. पण पाट्या कायम कामगारांच्या नावाच्या होत्या. ठेकेदाराकडून आलेल्यांना पाटी नव्हती. हंड्यात मात्र तेच उतरायचे.

"ओ काका! होडीचं डिझेल संपलं काय?" साखळीमागून एकानं विचारलं.

"वल्ही द्या, आम्ही मारतो!"

"चाचा सो गये क्या? अरे चालू करो ना, बच्चा रो रहा है!"

एक काठी साखळीवरून पुढे आली, वळली आणि झुंबरच्या तोंडासमोर थांबली. टोकाच्या पडद्यात त्यानं स्वतःलाच बघितलं, सुजलेला गाल, आणि खांद्यामागं कोण्या तरुणाचे दात. "फ्रेंड्स, हे काका बघा, यांचा नेटवर्क गेलाय," तरुण पडद्याशी बोलत होता. झुंबरनं मान वळवली, तर पडद्यातल्या झुंबरनंही वळवली. या क्षणाला आपण जे करणार आहोत ते तिथं आधीच उमटलेलं असेल, आणि आपल्याला ते फक्त पुरं करायचं असेल, अशी एक शंका त्याला आली. बायडी कुठं गेली? पाण्याला गेली असेल. बाया जातात तिकडे लांब जावं लागतं. या आधी तीनदा काठी राहिली होती हुकाला, तिन्ही वेळा तो असाच अडून बसला, तिन्ही वेळा कोणी तरी बर्फाचा गोळा चाटत परत आलं होतं, "अय्या, विसरलेच." तेव्हा बिल्ला बाहेर होता. आज बिल्ला आत होता.

जितेश आला. हा जहाज, पाळणे आणि घसरगुंड्या बघणारा साहेब. पालघरचा, सव्वीस वर्षांचा, सकाळपासून पोटात अन्न नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. कमरेच्या वॉकीटॉकीतून सारखं कोणी तरी त्याच्यावर ओरडत होतं.

"काका, काय झालं?"

"काठी हाय."

"कोणाची?"

"म्हाईत नाई."

"बिल्ला कितीचा?"

"बिल्ले समदे डब्यात हायेत."

"मग संपलं की! कोणीतरी आपली आपण लटकवली आणि गेलं." जितेशनं कपाळ पुसलं. "काका, तुमचं दर वेळचं आहे हे. मी वर काय सांगू, काठी बसली आहे जहाजात?"

मागं हशा झाला. कारखान्यातला चिंतू कसा दिसायचा ते झुंबर आठवत होता, आणि आठवत नव्हतं. बेटेगावच्या पलीकडच्या कुठल्या तरी पाड्यावरचा. भात झोडून झालं की ठेकेदाराच्या टेम्पोत बसून यायचा. बारीक, आणि चालताना पावलांचा आवाज नाही, एवढं आठवत होतं. चेहरा नव्हता. त्याचा फोटो कोणी काढलेला नव्हता. चौकशीच्या कागदाला लावायलासुद्धा मिळाला नाही, नुसता अंगठ्याचा ठसा होता. पाटी नव्हती म्हणून चिंतूनं काय करावं? त्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल, निळ्या चौकड्यांचा, बटणाच्या दांड्याला बांधला आणि तो हंड्यात उतरला. त्याच्या हिशेबी पाटीच ती. झुंबर पाळी बदलून आला. लाल काही दिसलं नाही. टॉवेल दिसला. "हे वाळत कोणी घातलंय इथं?" तो म्हणाला, मोठ्यानं म्हणाला, आणि उत्तराला थांबला नाही. टॉवेल काढला. ओला नव्हता. हे आजही बोटांना कळतं, तो ओला नव्हता, आणि ओला नसलेला टॉवेल कोणी वाळत घालत नाही; हे तेव्हा बोटांना कळलं होतं, ते मनगटापर्यंत आलं होतं, पुढे आलं नाही. त्यानं टॉवेलाची नीट चौघडी घातली. कठड्यावर ठेवली. बटण दाबलं. पंखा एकदा अडला, आणि मग फिरला. नंतरच्या पळापळीत कोणीतरी त्याच टॉवेलाला हात पुसले आणि तो कुठं गेला कळलं नाही. "पाटी लावलेली होती?" साहेबांनी विचारलं. "नव्हती, साहेब." खरं उत्तर. सतरा वर्षं तो ते खरं उत्तर छातीशी धरून होता आणि ते आतून कुजत होतं. एका कीर्तनात बुवा म्हणाले होते, देव केलेलं विचारत नाही रे, ते त्याला माहीत असतं. तो विचारतो, तुला दिसलं होतं का? मंडपातले सगळे "विठ्ठल विठ्ठल" म्हणाले. झुंबर उठून बाहेर गेला होता आणि नळाशी उगीच पाय धूत बसला होता.

"बरं, हे बघा," जितेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूत होती, म्हाताऱ्या माणसाची काढावी तशी. त्यानं हात लांब केला, बाविसाव्या हुकावरची काठी काढली, खट खट खट करत तिचे सांधे एकात एक मिटवले, वीतभर झाली, आणि पेटीवर झुंबरच्या हाताशी आणून ठेवली. "घ्या. आता नाही ना काही लटकत? तुमच्या नियमानं झालं. चला, घंटा द्या."

चोवीस हूक रिकामे. नियमानं झालं होतं. वॉकीटॉकीत कोणी तरी विचारलं, अरे जहाज का बंद आहे. साखळीमागची सगळी माणसं आता एक ठेका धरून टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्यांवर झुंबरचं बोट घंटेवरून बटणाकडे सरकायला लागलं. बोट त्याचंच होतं. तो ते लांबून बघत होता. मिटलेली काठी पेटीवर पडली होती, नीट, टापटीप, जशी चांगल्या वळणाची माणसं दुसऱ्याची वस्तू ठेवतात.

"टॉवेल होता तो," झुंबर म्हणाला.

"काय?"

"सुका होता. मला कळलं होतं."

"काका, ऊन लागलंय का तुम्हाला? सरका, मी करतो."

झुंबरनं किल्ली फिरवली, पेटीतून उपसून काढली आणि मुठीत धरली. मग तो वळला. जितेश "काका! काका, किल्ली!" करत मागं आला, कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं पळाला रे कॅप्टन, जहाज सोडून पळाला. झुंबर डाव्या बाजूनं, ज्या बाजूला त्याला नीट दिसत नव्हतं त्या बाजूनं, कठडा धरत जहाजाच्या पोटाशी गेला. तिथं खड्ड्यात उतरायची जाळीची दारटी होती. ती उघडी होती. खालून ग्रीसचा आणि तापलेल्या रबराचा वास आला. आत काळोख, आणि काळोखात डाव्या डोळ्याला उगीच हलणारे आकार. सतरा वर्षांपूर्वी हंड्याच्या तोंडाशी जे वाक्य म्हणायचं राहिलं होतं, ते असं ओढून बाहेर आलं की पुढच्या रांगेतली टाळी थांबली.

"आत कोण हाय?"

स्पीकर धडधडत होता. त्याला वाटलं, कोणी नाही. त्याला वाटलं, कोणी नसू दे; आणि लगेच वाटलं, कोणी नसेल तर मग आपण कायमचे इथंच वाकून राहू.

"मी हाय, दादा," चाकाच्या मागून आवाज आला. "थांब जरा. फोन सापडला, त्याची आंगठी नाय सापडं, फोन धरायला कव्हरला लावतात ती."

झुंबर तिथंच मातीत बसला. जितेश दारटीजवळ येऊन उभा राहिला, त्यानं आत बघितलं, चाकाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. बायडी दोन्ही हातांवर वर आली, कपाळापासून कोपरापर्यंत ग्रीस, तोंडात फोन धरलेला. फोन काढून ती झुंबरला म्हणाली, "असा का बसला तू? मी लटकवून गेले ना काठी! मागच्या फेरीत एकानं चोरून नेली, वरून पाडला फोन. त्याची मी हुकाला लावली न् उतरले. बिल्ला कोणाला देऊ? मलाच मी?" आणि स्वतःच्या विनोदावर हसली. मग दोघांची तोंडं बघून हसायची थांबली.

फोनवाला गोळा खायला गेला होता. "ढूंढ के रखना" सांगून. आला, फोन हातात घेतला, पडदा उन्हात धरून तिरपा बघितला आणि म्हणाला, "स्क्रैच आया है." बायडीनं पदरानं पुसून दिला. तेवढ्यात त्याच्या बरोबरच्यांनी त्याला हाक मारली, त्यानं काठी मागितली, जितेशनं ती मुकाट्यानं आणून दिली. ती लांब झाली, जहाजाचं सोनेरी डोकं मागं घेऊन सगळे हसले, आणि त्या फोटोत कडेला बायडी आली असेल, अर्धी.

त्या दिवशी संध्याकाळी झुंबरनं रत्नाबाईला टॉवेलाचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही, पण हात थांबला. तिनं एकच विचारलं, "त्याच्या मागं कोण होतं?" झुंबरला माहीत नव्हतं. चिंतूचा पाडाही माहीत नव्हता. "बेटेगावच्या पल्याड," तो म्हणाला, आणि पल्याड किती मोठं आहे ते त्याला पहिल्यांदा दिसलं.

सोमवारी फळी निघाली. जहाज अकरा मिनिटं बंद राहिलं याचा वर जबाब द्यावा लागला. जितेशनं खड्ड्यातलं सगळं खरं लिहिलं होतं, पण वरच्यांनी त्यातलं हुकांचं तेवढं वाचलं. हुकांमुळे वेळ जातो, असा अर्थ निघाला. आता काठ्या रांगेच्या तोंडाशी निळ्या पिंपात टाकतात, उतरल्यावर ज्याची त्यानं शोधून घ्यायची. बटणावर नवा माणूस आहे, चपळ आहे, तासाला दोन फेऱ्या जास्त काढतो. दारटीला कुलूप लावा असं जितेशनं सांगितलं, लावलंही. पण फोन पडायचे थांबत नाहीत आणि लोक ओरडायचे थांबत नाहीत, म्हणून किल्ली बायडीच्या कनवटीला असते. झुंबर गाड्या लावायच्या मैदानात, हातात शिट्टी. दुपारी तो जेवणाचा डबा घेऊन मुद्दाम जहाजापर्यंत चालत गेला. बायडी कठड्याच्या सावलीला भाकर खात होती.

"खाली जाऊ नको," तो म्हणाला.

"नाय गेले तं मला ठेवतील काय? मंग तू ठेव तुझ्या घरी, रत्नाबायला विचारून."

तो हसला नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला, आणि तसाच खाली आणला. मागच्या भिंतीवर फळी होती तिथं खिळ्यांची चार भोकं राहिली होती. तिकडे बघत ती म्हणाली, "दादा, आता मी काय लटकवू?"

झुंबरनं एका भोकात बोट घालून बघितलं. उत्तर मलाही येत नाही, महाराज. मी काही त्याच्यापेक्षा शहाणा नव्हे. तुम्हाला फक्त हात जोडतो. सुट्टी लागली की लेकरं हट्ट करतील, तुम्ही जाल, जावंच. जहाज उभं राहील, हातातलं काहीतरी सुटेल आणि खाली काळोखात जाईल. तेव्हा कोणाच्या नावानं ओरडायच्या आधी बायडीची आठवण करा. मासवणच्या वरच्या पाड्यावरची बायडी. तुमच्या आधी कोणाचं तरी काही पडलेलं असेल, आणि ती तिथं खाली असेल.